तोफा आहेत, तोफखाना नाही : 'बेगमेचे पन्नास कोटी' या कादंबरीतील कल्पित पोलादनगरीची चिकित्सा

प्रस्तावना

कल्पित राष्ट्र उभे करणाऱ्या साहित्यकृतीचा विचार करताना त्या राष्ट्राची राज्यव्यवस्था, कुटुंबसंस्था, धर्म आणि भाषा यांची चर्चा समीक्षक आवर्जून करतात. त्या राष्ट्राच्या सैन्याकडे मात्र कथानकाची एक सोय म्हणूनच बहुधा पाहिले जाते. वस्तुतः सैन्याची रचना ही त्या राष्ट्रातील सत्तेच्या रचनेची सर्वांत उघड प्रतिकृती असते. आज्ञा कोण देतो, ती कोणामार्फत खाली जाते आणि ती चुकीची असेल तर तसे सांगण्याचा अधिकार कोणाला असतो, या प्रश्नांची उत्तरे सैन्याला टाळता येत नाहीत. त्यातही तोफखाना हे दल या प्रश्नांना विशेष जवळचे आहे. तलवार एकट्याच्या हातात चालते. तोफ एकट्याने चालत नाही. तिच्यामागे ओतशाळा असते, दारूगोळ्याचे कोठार असते, ओढणारी जनावरे वा यंत्रे असतात, अंतर मोजणारा असतो, गोळा कोठे पडला हे पाहणारा असतो आणि तिच्या पुढे उभे राहणारे पायदळही असते.

मराठीतील 'तोफखाना' हा शब्द या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. पेशवाईत तोफखाना म्हणजे केवळ तोफांचा साठा नव्हे, तर पानसे घराण्याच्या अखत्यारीत चालणारे एक संपूर्ण खाते होते. 'गोलंदाज' हा शब्द आज क्रिकेटने आपलासा केला असला, तरी मुळात तो या खात्यातील तोफ डागणाऱ्या माणसाचा आहे. तोफ, गोलंदाज आणि तोफखाना या तीन शब्दांतील अंतर ध्यानात ठेवून प्रस्तुत लेखात ज्यूल व्हर्न (१८२८–१९०५) यांच्या १८७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका कादंबरीची चिकित्सा केली आहे. तिच्या मूळ फ्रेंच शीर्षकाचा अर्थ 'बेगमेचे पन्नास कोटी' असा होतो.

व्हर्न मराठी वाचकाला परिचित आहेत ते प्रामुख्याने भा. रा. भागवत यांच्या रसाळ रूपांतरांमुळे. या परिचयाने मराठी किशोरांच्या पिढ्या समृद्ध केल्या. परंतु व्हर्न म्हणजे साहसकथा आणि साहसकथा म्हणजे किशोरवाचन, असे समीकरणही त्यातून रूढ झाले. परिणामी त्यांच्या लेखनातील राजकीय आशयाकडे गंभीरपणे पाहण्याची सवय आपल्याकडे फारशी रुजली नाही. या कादंबरीतील 'श्टालश्टाट' ही पोलादनगरी तोफांसाठी जन्मलेली, तोफांवर जगणारी आणि तोफेसह कोसळणारी आहे. मात्र तिच्यात तोफा आहेत, तोफखाना नाही, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. ही उणीव कोठे कादंबरीची अंतर्दृष्टी ठरते आणि कोठे तिचा आंधळेपणा, हे तपासणे हा या लेखाचा हेतू होय.

कादंबरीची पार्श्वभूमी

या कादंबरीचे कर्तृत्व निखळ व्हर्न यांचे नाही. तिचे मूळ हस्तलिखित पास्काल ग्रूसे यांचे होते. १८७१ च्या पॅरिस कम्यूनमध्ये परराष्ट्र व्यवहार सांभाळणारे ग्रूसे पुढे न्यू कॅलेडोनिया बेटावर हद्दपार झाले आणि १८७४ मध्ये तेथून निसटले. प्रकाशक एत्झेल यांनी त्यांचे हस्तलिखित विकत घेतले व ते व्हर्न यांच्याकडून नव्याने लिहवून घेतले. एक पराभूत क्रांतिकारक आणि एक लोकप्रिय लेखक अशा दोन हातांतून ही कृती घडली आहे. तिच्यातील काही विसंगतींचे मूळ या दुहेरी जन्मात असावे.

कथानक थोडक्यात असे. डॉ. सारासँ या फ्रेंच वैद्याला हिंदुस्थानातील एका बेगमेचा ५२ कोटी ७० लाख फ्रँकचा वारसा मिळतो. येना विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक शुल्त्झे हेही त्या वारशावर हक्क सांगतात आणि अखेर तडजोडीने संपत्तीची वाटणी होते. अमेरिकेच्या ओरेगॉन प्रांतात सारासँ आरोग्यशास्त्राच्या तत्त्वांवर 'फ्रान्सव्हिल' हे आदर्श नगर वसवतात. तेथून सुमारे दहा लीग, म्हणजे चाळीसेक किलोमीटर अंतरावर शुल्त्झे पोलादनगरी उभी करतो. लॅटिन वंशाचा नाश अटळ व इष्ट आहे, अशी त्याची श्रद्धा आहे. मार्सेल ब्रुकमान हा अल्सेसचा तरुण १८७० च्या युद्धात लढलेला आहे. तो योहान श्वार्ट्झ हे नाव घेऊन पोलादनगरीत मजूर म्हणून शिरतो, पायरीपायरीने वर चढतो आणि अखेर त्या महातोफेचे रहस्य जाणून घेऊन निसटतो. तोफ डागली जाते. पण गोळा फ्रान्सव्हिलवर पडतच नाही. त्याचा वेग इतका असतो की तो पृथ्वीभोवती फिरत राहतो. पुढे शुल्त्झे स्वतःच्याच प्रयोगशाळेत, स्वतःच्याच गोळ्यातील द्रवरूप कर्बवायूने गोठून मरतो.

पोलादनगरीची रचना

कायद्याने पाहता पोलादनगरी हे राष्ट्र नाही; ती अमेरिकेच्या भूमीवरील एक खाजगी मालमत्ता आहे. परंतु राष्ट्राची बहुतेक लक्षणे तिच्यात आहेत. तिला सीमा आहे, पहारा आहे, स्वतःचा दंड आहे आणि 'पोलादाचा राजा' म्हणून ओळखला जाणारा सार्वभौम सत्ताधीशही आहे. भिंती आणि खंदक यांनी नगरीचे विभाग परस्परांपासून तोडलेले असून ते अक्षरांनी ओळखले जातात. एका विभागातील कामगाराला शेजारच्या विभागात काय चालते ते कळू शकत नाही. सर्व विभागांच्या मध्यभागी 'वृषभ-मनोरा' आहे आणि त्याच्या माथ्यावर ती महातोफ आहे.

या वर्णनात व्हर्न यांचे लक्ष सर्वाधिक रमले आहे ते तोफ ओतण्याच्या प्रसंगात. वितळलेल्या पोलादाच्या मुशी घेऊन कामगार जोडीजोडीने शिटीच्या इशाऱ्यावर पुढे येतात, क्षणाचाही फरक न करता रस साच्यात रिकामा करतात आणि पावलाला पाऊल लावून मागे फिरतात. ही शुद्ध सैनिकी कवाईत आहे. कादंबरीतील सर्वांत शिस्तबद्ध पलटण रणांगणावर नव्हे, तर ओतशाळेत आढळते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

मिशेल फूको यांच्या शिस्तीविषयीच्या १९७५ मधील ग्रंथाशी परिचित असलेल्या वाचकाला येथे बेंथमच्या वर्तुळाकार तुरुंगाची आठवण होईल. मध्यवर्ती मनोरा, सभोवती तोडलेले कप्पे आणि सर्वत्र दक्षता ही साम्ये उघड आहेत. मात्र हे साम्य फार ताणणे योग्य नाही. बेंथमच्या तुरुंगाची कल्पना केंद्राला सर्व काही दिसावे यासाठी होती. पोलादनगरीत मात्र केंद्राकडून खाली आज्ञा जाते, खालून केंद्राकडे ज्ञान येत नाही. शुल्त्झेला कामगार दिसतात. त्यांना काय समजते ते दिसत नाही. मार्सेल आपल्या बुद्धीच्या बळावर त्याचा सहायक होतो, तेव्हा त्याच्याकडून शुल्त्झेला हवे असते ते कौतुक. गुपितही तो सांगतो ते सल्ल्यासाठी नव्हे, तर त्याच्या मोठेपणाविषयी मार्सेलने शंका सूचित केली म्हणून. गुपित सांगितल्यावर लगेच नियम लागू होतो : ज्याला कळले त्याने जगायचे नाही.

या नियमाचा तर्क शेवटपर्यंत नेऊन पाहिला पाहिजे. तोफेची आकडेमोड तपासू शकेल असा नगरीत एकच माणूस आहे आणि आकडेमोड कळताक्षणी तो मृत्युदंडास पात्र ठरतो. पडताळणी करण्याची पात्रता आणि जिवंत राहण्याचा हक्क या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, अशी ही व्यवस्था आहे. शुल्त्झे हा मूळचा विद्यापीठातील प्राध्यापक आहे, हे येथे विसरता येत नाही. आपला निष्कर्ष इतरांच्या तपासणीस खुला ठेवणे ही त्याच्या मूळ पेशाची पहिली शिस्त. आपल्या नगरीत तो नेमकी तीच शिस्त येऊ देत नाही.

गोलंदाजाविना तोफ

तोफखान्याच्या दृष्टीने पोलादनगरीची तपासणी केली असता उणिवा ठळकपणे दिसतात. येथे हजारो कामगार आहेत, पण गोलंदाजांच्या तुकड्या नाहीत. तोफा मोठ्या प्रमाणावर तयार होतात, पण त्या रशिया आणि तुर्कस्तान, रुमानिया आणि जपान, इटली आणि चीन, आणि सर्वाधिक जर्मनी यांना विकल्या जातात. या यादीत रशिया आणि तुर्कस्तान शेजारी शेजारी आहेत. १८७७–७८ मध्ये हीच दोन राष्ट्रे परस्परांशी लढली होती. कारखानदाराला शत्रू नसतो, गिऱ्हाईक असते, हे व्हर्न यांनी कोणतीही टीका न करता एका वाक्याच्या ओघात सुचवले आहे. ते अत्यंत प्रभावी आहे.

शुल्त्झे स्वतःसाठी राखून ठेवतो ती तोफ एकच. ती तीन लाख किलो वजनाची आणि दीड मीटर व्यासाच्या तोंडाची आहे. तिच्यासाठी दोन प्रकारचे गोळे आहेत : एकात द्रवरूप कर्बवायू आणि दुसऱ्यात शंभर लहान तोफा. मात्र गोळा पडल्यावर तो कोठे पडला हे पाहून कळवणारा कोणी नाही. प्रत्यक्ष तोफखान्यात पहिला गोळा हा बहुधा प्रश्न असतो, उत्तर नव्हे. तो लांब पडला की अलीकडे, डावीकडे की उजवीकडे, हे निरीक्षकाने कळवायचे आणि त्यावरून पुढचा नेम सुधारायचा, या देवाणघेवाणीवर तोफखान्याचे सारे शास्त्र उभे आहे. शुल्त्झेच्या योजनेत चूक सुधारण्याला जागाच नाही, कारण चूक होईल हे त्याला मान्य नाही.

कादंबरीतील सर्वांत अर्थगर्भ तपशील येथेच सापडतो. गोळा चुकल्याची बातमी शुल्त्झेला कोण देते? शत्रू. मार्सेल फ्रान्सव्हिलहून त्याला पत्र लिहितो आणि नगरावरून गोळा किती वाजता गेला, तो खाली का पडला नाही व आता तो कायम पृथ्वीभोवती का फिरत राहील, हे समजावून सांगतो. पोलादनगरीच्या तोफखान्याला लाभलेला एकमेव निरीक्षक हा शत्रूपक्षाचा आहे आणि त्याचा अहवाल टपालाने येतो. हा प्रसंग वाचकाला हसवण्यासाठी योजलेला आहे. परंतु ज्या संघटनेत खालून वर सत्य पोहोचण्याचा मार्ग नसतो, तिला सत्य शेवटी बाहेरून आणि अपमानाच्या रूपाने कळते, हा त्याचा आशय विनोदाच्या पलीकडचा आहे.

शुल्त्झेच्या मृत्यूनंतरचा भाग याच आशयाला पूर्णत्व देतो. राजा दिसेनासा होतो, आज्ञा येणे थांबते, सहीविना पैसा हलत नाही आणि अवाढव्य नगरी काही काळातच ओस पडते. मार्सेल व ऑक्ताव्ह सारासँ तेथे शिरतात तेव्हा प्रयोगशाळेत गोठलेला शुल्त्झे लिहिण्याच्या अवस्थेतच बसलेला दिसतो. समोर फ्रान्सव्हिलवरील नव्या हल्ल्याची आज्ञा आहे आणि तिच्यावरील सही अपुरी आहे. एका सहीवर चालणारे राष्ट्र एका अपुऱ्या सहीने संपते.

१८७० चा धडा आणि त्याचा विपर्यास

येथवर कादंबरीची अंतर्दृष्टी पाहिली. आता तिचा आंधळेपणा पाहणे आवश्यक आहे. ही कृती १८७०–७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धातील पराभवाच्या छायेत लिहिली गेली, हे सर्वमान्य आहे. पोलादनगरीमागे एसेन येथील क्रुप यांचा कारखाना आहे, हेही उघड आहे. याच कारखान्याने १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात एक प्रचंड तोफ मांडली होती. तीन वर्षांनी क्रुप यांच्याच पोलादी तोफा फ्रान्सवर चालून आल्या.

परंतु फ्रान्स त्या युद्धात एखाद्या महातोफेमुळे हरला नाही. प्रशियाच्या मैदानी तोफा पोलादाच्या आणि मागून भरायच्या होत्या; फ्रेंचांच्या बहुतांश तोफा काशाच्या आणि तोंडातून भरायच्या होत्या. प्रशियाचे गोळे जमिनीवर आदळताच फुटत. फ्रेंच गोळ्यांचे फ्यूज ठराविक अंतरांवरच फुटतील असे बसवलेले होते. ही यांत्रिक तफावत महत्त्वाची होतीच. पण निर्णायक ठरली ती रचनेतील तफावत. १८६६ च्या ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात प्रशियाच्या तोफखान्याची कामगिरी निराशाजनक झाली होती. त्या अपयशाची चिकित्सा करून पुढील चार वर्षांत त्यांनी आपली पद्धत बदलली. तोफा कूच करणाऱ्या रांगेत पुढे आणल्या गेल्या, लढाईच्या आरंभीच त्या मोठ्या संख्येने एकत्र डागण्याचा आग्रह धरला गेला आणि जागेवरील अधिकाऱ्यांना पुढाकार घेण्याची मोकळीक मिळाली. सप्टेंबर १८७० मध्ये सेदाँच्या भोवतालच्या टेकड्यांवरून फ्रेंच सैन्याला कोंडून भाजून काढणारा तोफखाना हा आपल्या चुका मान्य करून शिकलेला तोफखाना होता. फ्रेंच पायदळाची शास्पो बंदूक प्रशियाच्या बंदुकीपेक्षा सरस असूनही तिचा उपयोग झाला नाही, हे या संदर्भात बोलके आहे.

आता कादंबरीकडे वळावे. तिच्यातील जर्मन तोफखाना कोणाचेही न ऐकणारा, चुकीतून न शिकणारा आणि एकाच मेंदूतून चालणारा आहे. म्हणजे ज्या गुणाने शत्रू जिंकला, नेमका तोच गुण कादंबरीने त्याच्याकडून काढून घेतला आणि त्याच्या हाती केवळ अवजड यंत्र ठेवले. व्हर्न यांनी क्रुपचा कारखाना घेतला; पण प्रशियाचे सेनापती-कार्यालय आणि तोफखान्याचे अधिकारी वगळले. पराभूत राष्ट्राच्या वाचकाला हे चित्र दिलासा देणारे होते. शत्रूची शक्ती लोखंडात होती आणि लोखंडाला अक्कल नसते, असे मानणे सोपे असते. शत्रू आपल्यापेक्षा चांगला विद्यार्थी होता, हे मान्य करणे कठीण असते. पराभवाचे खापर शस्त्रावर फोडले की संस्थांची झाडाझडती टळते. ही प्रवृत्ती केवळ फ्रान्सपुरती मर्यादित नाही.

भविष्यवाणीचा मोह

या कादंबरीची प्रशंसा बहुधा भविष्यवाणी म्हणून केली जाते. तिने लांब पल्ल्याची तोफ, विषारी वायूचा मारा, कृत्रिम उपग्रह आणि वंशद्वेषावर उभी राहिलेली हुकूमशाही हे सारे आधीच सांगून ठेवले, असा दावा असतो. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला, मार्च १९१८ मध्ये पॅरिसवर शंभराहून अधिक किलोमीटरवरून तोफेचा मारा झाला आणि ४ ऑक्टोबर १९५७ रोजी पहिला स्पुटनिक अवकाशात गेला, अशी साखळी जोडली जाते.

विज्ञानाच्या निकषावर हा दावा टिकत नाही. कादंबरीतील गोळ्याचा वेग सेकंदाला दहा हजार मीटर आहे. पृथ्वीभोवती फिरत राहण्यास सुमारे ७,९०० मीटर आणि तिच्या ओढीतून सुटण्यास सुमारे ११,२०० मीटर वेग लागतो. त्यामुळे हा आकडा दोहोंच्या मध्ये बरोबर बसतो, हे व्हर्न यांच्या अभ्यासाचे द्योतक आहे. परंतु भूपृष्ठावरून डागलेल्या गोळ्याची कक्षा, हवेचा अडथळा नाही असे मानले तरी, डागलेल्या ठिकाणातूनच पुन्हा जाते. मध्येच वेग वा दिशा बदलणारी दुसरी शक्ती नसेल तर तो उपग्रह होऊन राहू शकत नाही. शिवाय दारूच्या स्फोटातून मिळणाऱ्या वेगाला मर्यादा असते. पॅरिसवर डागल्या गेलेल्या तोफेच्या गोळ्याचा वेग सेकंदाला सुमारे १,६०० मीटर होता.

तरीही १९१८ च्या त्या तोफेशी तुलना करणे एका वेगळ्या कारणाने उपयुक्त आहे. ती तोफ चालवण्यासाठी नौदलाचे अनुभवी गोलंदाज लागले. प्रत्येक गोळ्यागणिक नळी झिजून रुंद होत असे, म्हणून गोळ्यांना क्रमांक देऊन ते क्रमाने वाढत्या आकाराचे बनवले गेले. म्हणजे प्रत्यक्षातील महातोफेलाही झीज, मोजमाप आणि नोंद यांची संपूर्ण व्यवस्था लागली. इतके करूनही तिने युद्धाचा निकाल बदलला नाही. तिने नागरिक मारले. गुड फ्रायडेच्या प्रार्थनेसाठी जमलेल्या भाविकांवर चर्चचे छत कोसळले, ही तिची सर्वाधिक स्मरणात राहिलेली 'कामगिरी' होय. व्हर्न यांचे यंत्र खरे ठरले किंवा नाही यापेक्षा अशा यंत्राचे लक्ष्य सैन्य नसून नगर असते, हे त्यांनी ओळखले होते, याला अधिक महत्त्व दिले पाहिजे.

या दृष्टीने कादंबरीतील कर्बवायूचा धागा भविष्यवाणीपेक्षा मोलाचा आहे. पोलादनगरीच्या कोळशाच्या खाणीत कार्ल नावाचा गरीब मुलगा साचलेल्या कर्बवायूने गुदमरून मरतो. त्याच्याच आईच्या घरी मार्सेल राहत असतो. पुढे हाच वायू गोळ्यात भरला जातो आणि शेवटी हाच वायू शुल्त्झेला मारतो. शत्रूसाठी राखलेल्या मृत्यूचा पहिला बळी आपल्याच मजुराचे मूल असते, हे कादंबरी भाष्य न करता दाखवते.

फ्रान्सव्हिल आणि शेवटाचा प्रश्न

पोलादनगरीच्या विरोधात फ्रान्सव्हिलची मांडणी केलेली आहे. संकटाची बातमी येताच तेथील मंडळाची सभा टेलिफोनवरून भरते. टेलिफोनचे पेटंट १८७६ चे असल्याने हा तपशील तेव्हा अगदी ताजा होता. तेथे चर्चा होते, मार्सेलचे म्हणणे ऐकले जाते, नागरिक संरक्षणाच्या कामाला लागतात. एकीकडे न बोलणारी भिंत आणि दुसरीकडे बोलणारी तार, असा हा विरोध आहे. फ्रान्सव्हिलकडे मोठी तोफ नाही; पण चूक दाखवणाऱ्याला तेथे शिक्षा होत नाही. तोफखान्याच्या मूळ अर्थाने पाहिले तर तोफखान्याचे बीज पोलादनगरीत नसून येथे आहे.

तथापि हे नगर दाखवले जाते तितके निर्मळ नाही. ते चिनी मजुरांनी बांधले. आणि बांधून झाल्यावर मजुरी घेताना नगरात पुन्हा न येण्याची अट त्यांना मान्य करावी लागली. आरोग्याच्या नियमांनी चालणाऱ्या नगराने त्याच्या भिंती उभारणाऱ्यांनाच अनारोग्य मानले. वंशद्वेष हा केवळ शुल्त्झेचा आजार आहे, असे म्हणण्याची सोय त्यामुळे उरत नाही.

शेवट तर अधिकच अस्वस्थ करणारा आहे. शुल्त्झे गेल्यावर पोलादनगरी मोडली जात नाही. ती मार्सेलच्या हाती येते आणि फ्रान्सव्हिलची शस्त्रशाळा होते. आपण सर्वांत बलवान राहू, म्हणजे कोणी आपल्यावर येणार नाही. आणि बलवान असतानाच न्यायी राहण्याचाही प्रयत्न करू, असा डॉ. सारासँ यांच्या बोलण्याचा रोख आहे. या विधानात तोफेची हमी आहे. न्यायाचा मात्र फक्त प्रयत्न आहे. त्या भिंती, ते कप्पे, ते गुपित यांचे काय झाले, याविषयी कादंबरी मौन पाळते. मार्सेल सज्जन आहे, एवढेच तिचे उत्तर. परंतु रचनेचा प्रश्न माणसाच्या सज्जनपणाने सुटत नाही, हे तर याच कादंबरीने सिद्ध केले होते. शुल्त्झेच्या जागी सज्जन माणूस असता, तरी त्याची आकडेमोड तपासणारा कोणी नसता, तर तो गोळा तसाच चुकला असता. लेखकाने येथे स्वतःच्या सर्वोत्तम निरीक्षणाकडे पाठ फिरवली आहे, असे खेदाने नमूद करावे लागते.

बेगमेचा पैसा

भारतीय वाचकाने विचारावा असा आणखी एक प्रश्न उरतो. दोन्ही नगरे कोणाच्या पैशावर उभी आहेत? कादंबरीत लाँजेव्होल हा फ्रेंच शिपाई हिंदुस्थानात येतो, एका देशी राजाच्या फौजेला कवाईत शिकवतो, राजाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेशी, म्हणजे बेगम गोकुलशी, विवाह करतो आणि तिच्या संपत्तीचा धनी होतो. हे पात्र कल्पित असले तरी ही जात खरी आहे. महादजी शिंदे यांनी १७८४ पासून द बॉइन याच्याकरवी युरोपीय धर्तीची कवायती फौज उभी केली. आग्र्याला तोफा ओतल्या जाऊ लागल्या. द बॉइनमागून पेराँ आला. १८०३ मध्ये आसईच्या लढाईत शिंद्यांच्या तोफांनी वेलस्लीच्या सैन्याची जबर हानी केली, ती याच परंपरेतून. अशा साहसी युरोपीयांतील काही जण अफाट संपत्ती घेऊन मायदेशी परतले. द बॉइन त्यांतलाच एक.

व्हर्न यांना हिंदुस्थान अपरिचित नव्हता. त्यांचा कॅप्टन नेमो हा १८७४–७५ मधील कादंबरीत बुंदेलखंडचा राजपुत्र ठरतो आणि १८८० मधील कादंबरीत तर नानासाहेब पेशवे प्रत्यक्ष पात्र म्हणून येतात. या दोन कृतींच्या मध्ये लिहिलेल्या प्रस्तुत कादंबरीत मात्र हिंदुस्थान म्हणजे केवळ एक खाते आहे. बेगमेचे नाव शीर्षकात आहे. तिचा आवाज संपूर्ण कृतीत कोठेही नाही. आरोग्याचे नगर आणि तोफांचे नगर यांच्या द्वंद्वात वाचक इतका गुंततो की, दोघांच्याही पायात एकाच लुटीचा दगड आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. युरोपने आपल्या सद्गुणासाठी आणि आपल्या क्रौर्यासाठी वापरलेला पैसा एकाच थैलीतून आला, असे ही कथा नकळत सांगून जाते. मात्र त्या थैलीचा हिशेब तिला मांडावासा वाटत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पोलादनगरीचे अपयश हे मुळात यंत्राचे नसून रचनेचे आहे. तिथे आज्ञेला मार्ग आहे, दुरुस्तीला नाही. हे दाखवताना कादंबरी तिच्या लोकप्रिय प्रतिमेपेक्षा कितीतरी प्रगल्भ ठरते. परंतु १८७० च्या विजयी तोफखान्याचे जे खरे बळ होते, म्हणजे चुकीतून शिकण्याची तयारी, ते तिने पाहिले नाही. शेवटी तोफेचा मालक बदलून ती समाधान मानते आणि ज्या संपत्तीवर हे सारे उभे राहिले तिच्याविषयी ती गप्प राहते.

साहित्याच्या अध्यापनात अशा कृती 'विज्ञान किती खरे ठरले' या एकाच प्रश्नाने तपासण्याची प्रथा आहे. त्या प्रश्नाचे उत्तर भौतिकशास्त्राचा विद्यार्थी सहज देईल. कल्पित राष्ट्रात चूक दाखवणाऱ्याचे काय होते, हा प्रश्न मात्र साहित्य, इतिहास आणि समाजशास्त्र यांनी मिळून विचारायचा आहे. शुल्त्झेचा गोळा कोठे पडला असता, यापेक्षा तो पडण्याआधी त्याला अडवून 'हिशेब पुन्हा पाहा' असे म्हणण्याची मुभा त्या नगरीत कोणालाच का नव्हती, हे समजून घेणे अधिक निकडीचे आहे.